उत्तेजक द्रव्य वारंवार दिल्यावर हालचाल आणि शरीराचं तापमान वेगळ्या वाटांनी का जातात?

तुम्ही विद्यार्थ्यांनी तुमच्या प्रयोगाविषयी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: उंदरांना रोज एकदा ठरावीक मात्रेत मेथॲम्फेटामीन हे उत्तेजक द्रव्य दिलं, तेव्हा त्यांची हालचाल दिवसागणिक वाढत गेली, पण पहिल्या दिवशी दिसलेली तापमानवाढ पुढे कमी होत गेली. असं का झालं? आणि नियमित सेवन करणाऱ्या माणसाला अतिउष्णतेचा धोका कमी असतो, असं यावरून म्हणता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. नाही, असं म्हणता येणार नाही. मी औषधशास्त्र शिकवते आणि विषबाधेच्या रुग्णांसाठी अतिदक्षता विभागाला सल्ला देते. ‘याला सवय आहे, याला काही होत नाही’ हे वाक्य रुग्णाला घेऊन आलेल्या मित्रांच्या तोंडून मी फार वेळा ऐकलं आहे. सवय होते हे खरं, पण ती शरीरातल्या सगळ्या यंत्रणांना सारखी होत नाही. काही परिणाम बोथट होतात, काही उलट तीव्र होतात, आणि उष्णता बाहेर टाकण्यात आलेली अडचण बऱ्याच अंशी तशीच राहते. तुमच्या आलेखातल्या दोन रेषा एकमेकींपासून दूर जाताना दिसतात, त्यामागे हेच आहे.

आधी उष्णतेचा हिशेब पाहू. सत्तर किलो वजनाच्या माणसाचं शरीर एक अंश सेल्सियसने तापायला साधारण 245 किलोज्यूल उष्णता लागते. स्वस्थ बसलेला माणूस तासाला 290 किलोज्यूलच्या आसपास उष्णता निर्माण करत असतो. म्हणजे उष्णता बाहेर जाण्याचे सगळे मार्ग बंद झाले, तर नुसतं बसून राहिल्यानेही तासाला एक अंशाहून जास्त वाढ होईल. त्यात माणूस तासन्‌तास नाचत असेल, धावत असेल किंवा बेभान होऊन झटापट करत असेल, तर उष्णतेची निर्मिती चार-पाच पट होते. एरवी आपण तग धरतो ते दोन गोष्टींमुळे. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घाम येतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. ही सोय असताना निरोगी शरीराला बरंच काही झेपतं.

उत्तेजक द्रव्यं या हिशेबाच्या दोन्ही बाजू बिघडवतात. मेथॲम्फेटामीन आणि एमडीएमए (‘एक्स्टसी’) चेतापेशींच्या टोकांमधून नॉरॲड्रेनॅलिन, डोपामीन आणि सेरोटोनिन ही संदेशवाहक रसायनं बाहेर ढकलतात. कोकेन ही रसायनं पेशीत परत शोषली जाऊ देत नाही. वाढलेल्या नॉरॲड्रेनॅलिनमुळे त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच अडकते. दुसरीकडे, स्नायू आणि तपकिरी चरबीतल्या पेशींमध्ये इंधन जळतं, पण त्यातून काम होण्याऐवजी मोठा भाग थेट उष्णतेत जातो. खोलीची दारं-खिडक्या लावून आत शेगडी पेटवावी, तशी ही अवस्था असते.

आता तुमच्या प्रयोगाच्या गाभ्याकडे येते. हालचाल वाढते म्हणून तापमान वाढतं, असं गृहीत धरून बरेच विद्यार्थी सुरुवात करतात. हालचालीने भर पडते, पण ती मूळ कारण नाही. याचे पुरावे चांगले आहेत. स्नायूंमध्ये यूसीपी-3 नावाचं एक प्रथिन असतं, ते पेशीतलं इंधन उष्णतेकडे वळवण्यात भाग घेतं. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात, हे प्रथिन नसलेल्या माऊस जातीच्या उंदरांना एमडीएमए दिल्यावर त्यांचं तापमान नेहमीसारखं चढलं नाही. थायरॉइड ग्रंथी काढून टाकलेल्या रॅट जातीच्या उंदरांत तर तेच द्रव्य दिल्यावर तापमान वाढण्याऐवजी घसरलं. उलट बाजूचं उदाहरण एमडीपीव्ही या कृत्रिम कॅथिनोनचं, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या एका उत्तेजक द्रव्याचं आहे. साधारण खोलीच्या तापमानात ते उंदरांना जोरदार पळवतं, तापमानात मात्र फारसा फरक पडत नाही. म्हणजे हालचालीची सूत्रं मुख्यतः मेंदूच्या खोल भागातल्या डोपामीनच्या हातात आहेत, तर तापमानाची सूत्रं हायपोथॅलॅमस (मेंदूतलं तापमान-नियंत्रण केंद्र), नॉरॲड्रेनॅलिन, सेरोटोनिन, थायरॉइड आणि त्वचेचा रक्तप्रवाह अशी विखुरलेली आहेत. ज्या गोष्टी वेगवेगळ्या यंत्रणांवर उभ्या आहेत, त्या पुनरावृत्तीलाही वेगवेगळा प्रतिसाद देणार.

हालचालीचं पाहू. तीच मात्रा मध्ये अंतर ठेवून पुन्हा पुन्हा दिली, की हालचालीचा प्रतिसाद वाढत जातो. याला सेन्सिटायझेशन म्हणतात. मधलं अंतर इथे फार महत्त्वाचं आहे. तेच द्रव्य पंपाने अखंड देत राहिलं, तर सहसा उलट होतं आणि प्रतिसाद कमी होतो. रोज एक इंजेक्शन म्हणजे रोज एक चढ आणि एक उतार. त्या चढउतारानेच डोपामीनच्या वाटा अधिक संवेदनशील होतात. हा बदल चिकट असतो. शेवटच्या मात्रेनंतर उंदरांत तो कित्येक महिने टिकलेला दिसला आहे. शिवाय तो जागेशी बांधला जातो. ज्या पिंजऱ्यात इंजेक्शन मिळत होतं त्या पिंजऱ्यात तो ठळक दिसतो, अनोळखी पिंजऱ्यात बराच कमी. इंजेक्शनच्या जागी नुसतं सलाइन टोचलं, तरी ओळखीच्या पिंजऱ्यात उंदीर नेहमीपेक्षा जास्त फिरतो.

इथे एक सापळा आहे आणि तो जरूर तपासा. मात्रा मोठी असेल किंवा सेन्सिटायझेशन पुढे गेलं असेल, तर उंदीर पिंजराभर पळणं सोडून एकाच जागी खिळतो. डोकं सतत हलवणं, एकच कोपरा हुंगत राहणं, जाळी चावत राहणं सुरू होतं. प्रकाशकिरण तुटण्यावर हालचाल मोजणारं यंत्र यावेळी कमी आकडा दाखवतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, सहनशीलता आली, म्हणजे त्याच मात्रेचा परिणाम कमी झाला. प्रत्यक्षात मेंदूवरचा परिणाम वाढलेला असतो. म्हणून आकड्यांबरोबर व्हिडिओ ठेवा, आणि मात्रेनंतरचा पहिला अर्धा तास, मधला काळ आणि उतरता काळ वेगवेगळे मांडा. पूर्ण सत्राची एकच बेरीज खूप काही लपवते.

तापमानवाढ दिवसागणिक कमी का होत गेली, याचं मला एकच कारण दिसत नाही. पहिलं कारण द्रव्याशी संबंधित नसूही शकेल. उंदराला हातात धरणं, सुई टोचणं, गुदद्वारातून तापमान घेणं या ताणानेच त्याचं तापमान अर्धा ते दीड अंश चढतं. रोजच्या हाताळणीला तो सरावला, की ही वाढ ओसरते. मग पहिल्या दिवशीच्या तुमच्या आकड्यात द्रव्याचा परिणाम अधिक भीती होती, आणि सातव्या दिवशी भीती वजा झाली. दररोज सलाइन मिळणारा गट शेवटपर्यंत नसेल, तर हे वेगळं काढता येत नाही. नुसता पहिल्या दिवसाचा सलाइन गट पुरत नाही. शक्य असेल तर पोटात बसवलेल्या टेलिमेट्री ट्रान्समीटरने मोजा. हात न लावता तापमान आणि हालचाल दोन्ही मिळतात, आणि उंदीर निशाचर असल्याने रात्री त्याचं तापमान व हालचाल मुळातच जास्त असते, तेही दिसतं. मात्रा रोज एकाच वेळी द्या.

दुसरं कारण खरी सहनशीलता. मात्रा हळूहळू वाढवत नेलेल्या उंदरांत पुढच्या मोठ्या मात्रेने होणारी तापमानवाढ कमी भरते, हे मेथॲम्फेटामीनबाबत अनेकदा दिसलं आहे. पेशींच्या टोकांत साठवलेली रसायनं घटतात, ही रसायनं ज्यांवर बसतात त्या ग्राहींची (रिसेप्टर) प्रतिसाद देण्याची रीत बदलते. त्यामुळे तुम्ही पाहिलेली घसरण अगदी अपेक्षेबाहेरची नाही. पण ती किती, हे मात्रा, अंतर आणि खोलीचं तापमान यांवर ठरतं. खोलीचं तापमान तुमच्या नोंदीत दिलेलं नाही, आणि माझ्या मते तुमच्या प्रयोगातली सर्वांत मोठी उणीव ती आहे.

उंदराला घाम येत नाही. तो शेपटीतून उष्णता सोडतो, फारच तापला तर अंगावर लाळ पसरतो. त्याच्या शरीराला सोयीचं तापमान 28 ते 30 अंशांच्या आसपास असतं. माणसाला आरामदायक वाटणारी 21-22 अंशांची प्रयोगशाळा त्याच्यासाठी थंडच असते. थंड खोलीत एमडीएमए दिलेल्या उंदराचं तापमान घसरतं, उबदार खोलीत तेच द्रव्य त्याच मात्रेत ते धोकादायक पातळीवर नेतं. म्हणजे द्रव्य नुसतं ‘तापवतं’ असं नसून तापमान स्थिर ठेवण्याची क्षमताच ढिली करतं. मग शरीर भोवतालच्या हवेकडे झुकतं. खोली दोन-तीन अंशांनी बदलली, तरी निष्कर्ष बदलू शकतो. पिंजऱ्यात उंदीर एकटा की गटात, यानेही फरक पडतो. 1940च्या दशकातच दिसून आलं होतं की एकटे ठेवलेले छोटे उंदीर ॲम्फेटामीनची जी मात्रा सहन करतात, तीच मात्रा गर्दीच्या पिंजऱ्यातल्या उंदरांना मारते. गर्दीत उष्णता अडकते आणि एकमेकांमुळे चिथावणीही वाढते.

आता माणसाकडे वळताना थंड खोलीचा दिलासा बरोबर नेऊ नका. निरोगी स्वयंसेवकांना 18 आणि 30 अंशांच्या खोल्यांत एमडीएमए देऊन केलेल्या अभ्यासात दोन्ही ठिकाणी शरीराचं आतलं तापमान वाढलंच. मोठ्या देहाचा माणूस छोट्या उंदरासारखा पटकन थंड होत नाही.

दुसरा फरक वेळेचा. मेथॲम्फेटामीनची रक्तातली पातळी निम्मी व्हायला उंदरात तासाभराच्या आसपास लागतो, माणसात दहा-बारा तास. तुमच्या प्रयोगात आजची मात्रा देताना कालची जवळजवळ संपलेली असते. माणसाच्या सलग सेवनात ती संपलेली नसते. नवी मात्रा आधीच्या उरलेल्या पातळीवर चढते. एमडीएमएची गोष्ट आणखी अवघड आहे. यकृतातल्या ज्या विकराने ते मोडलं जातं, त्यालाच ते निकामी करतं, त्यामुळे त्याच रात्री घेतलेली दुसरी मात्रा पहिलीपेक्षा प्रमाणाबाहेर पातळी वाढवते. पहिल्या मात्रेची मजा कमी झाली म्हणून दुसरी घेणाऱ्याच्या शरीरात द्रव्य मात्र कमी झालेलं नसतं.

म्हणून माणसातल्या सलग सेवनाशी तुलना करायची, तर रोज एका मात्रेचा नमुना पुरेसा नाही. त्यासाठी दर दोन तासांनी एक अशा चार मात्रांचा नमुना वापरतात. त्यात उंदराचं तापमान खाली यायच्या आत पुढची मात्रा येते आणि वाढ वरवर रचली जाते. याच नमुन्यात मेंदूतल्या डोपामीनच्या चेतापेशींच्या टोकांना इजा होते, आणि तापमान त्या इजेत थेट सामील असतं. खोली थंड ठेवून तापमान चढू दिलं नाही, तर तेवढ्याच मात्रेत इजा बरीच कमी होते. खोली उबदार ठेवली, तर वाढते. मेंदूचं तापमान स्नायूंच्या आधी आणि जास्त चढतं, हेही बारीक तापमापक थेट मेंदूत बसवून केलेल्या कामातून दिसलं आहे. थर्मामीटरवर आकडा येईपर्यंत मेंदू पुढे गेलेला असतो.

पण माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर बाब तिसरीच आहे, आणि ती उंदराच्या आलेखात दिसतच नाही. उन्हात तापल्यावर आपण सावलीत जातो, कपडे सैल करतो, थांबतो, पाणी मागतो. शरीराचा हा सर्वांत जुना बचाव, आणि तो ‘गरम होतंय’ या जाणिवेवर उभा आहे. 2002 मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना नाकातून कोकेनची थोडी मात्रा देऊन अंग हळूहळू तापवलं. घाम आणि त्वचेचा रक्तप्रवाह दोन्ही उशिरा आणि कमी वाढले. एवढं असूनही त्यांना उष्णतेचा त्रास कमी जाणवला. शरीर जास्त तापत होतं आणि माणसाला ते कमी कळत होतं.

व्यायामशास्त्रात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने समोर आली. 30 अंशांच्या खोलीत सायकल चालवणाऱ्या प्रशिक्षित खेळाडूंना मेथिलफेनिडेट हे उत्तेजक औषध दिल्यावर त्यांनी ठरलेलं काम लवकर संपवलं, त्यांचं आतलं तापमान जास्त चढलं, पण श्रम जास्त झाल्याचं त्यांना वाटलं नाही. थकवा ही मेंदूने लावलेली मर्यादा असते आणि उत्तेजक द्रव्य ती पुढे सरकवतं. 13 जुलै 1967 रोजी टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत मों व्हेंतू डोंगराच्या चढावर कडक उन्हात ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन कोसळले आणि गेले. शवविच्छेदनात ॲम्फेटामीन आढळलं. ऊन, चढ, पाण्याची कमतरता आणि थांबायला सांगणारी जाणीव बोथट झालेली, हे सगळं तिथे एकत्र आलं होतं.

हा परिणाम शहरपातळीवरही मोजता येतो. न्यूयॉर्कमधल्या 1990 ते 1995 या काळातल्या नोंदींमध्ये, ज्या दिवशी कमाल तापमान 31.1 अंश किंवा त्याहून जास्त होतं, त्या दिवशी कोकेनच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंची रोजची सरासरी इतर दिवसांपेक्षा 33 टक्के जास्त होती. या लोकांमध्ये नियमित सेवन करणारे नव्हते, असं समजायला काही आधार नाही. सवयीने त्यांना उन्हापासून वाचवलं नाही.

नियमित सेवनात काय काय बदलतं, ते एकत्र पाहिलं म्हणजे धोका कुठून वाढतो ते कळतं. आनंदाची लाट पटकन बोथट होते, म्हणून मात्रा वाढते. मात्रा वाढली, की त्वचेच्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात. सलग दिवस न झोपल्याने, न जेवल्याने, पाणी न प्यायल्याने घामासाठी लागणारा द्रवच उरत नाही. मध्ये खंड पडला, की मिळवलेली सहनशीलता ओसरते आणि माणूस जुन्याच मात्रेने पुन्हा सुरुवात करतो. त्याच वेळी सेन्सिटायझेशनच्या वाटेने गेलेले परिणाम टिकून राहतात. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या स्कॅनवर आधारलेल्या अभ्यासात, निरोगी पुरुषांना ॲम्फेटामीनच्या केवळ तीन मात्रा दिल्यावर वर्षभराने दिलेल्या मात्रेला त्यांच्या मेंदूतून पहिल्यापेक्षा जास्त डोपामीन सुटलं. मेथॲम्फेटामीनमुळे एकदा भ्रम आणि संशयाचा झटका येऊन गेलेल्यांना, मोठ्या खंडानंतर थोड्या मात्रेनेही तो पुन्हा येऊ शकतो, हेही वैद्यकात जुनं निरीक्षण आहे. अशा झटक्यात माणूस पळतो, झुंजतो, कुणी धरलं तर जिवाच्या आकांताने सुटायला बघतो. वाढलेली हालचाल आणि अडकलेली उष्णता इथे एकत्र येतात.

सेवन थांबल्यावरच्या दिवसांत चित्र उलटं होतं: खूप झोप, मंद हालचाल, निरुत्साह, भूक. बहुतेकांत हा काळ जिवावर बेतत नाही, पण मन फार खचलेलं असतं आणि आत्मघाताचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारायला हवं.

एक गैरसमज इथे होऊ नये. डॉक्टरांनी लक्ष-अवधानाच्या विकारासाठी दिलेलं मेथिलफेनिडेट किंवा ॲम्फेटामीन ठरलेल्या मात्रेत घेणाऱ्यांनी हे वाचून औषध बंद करू नये. त्या मात्रेत तापमानाचा प्रश्न सहसा उद्‌भवत नाही. कडक उन्हात स्पर्धा किंवा लांब पल्ल्याचा सराव असेल, तर डॉक्टरांशी आधी बोलावं, आणि ‘दमलो नाही’ या जाणिवेवर न विसंबता घड्याळ बघून थांबावं.

आता प्रत्यक्ष प्रसंगाविषयी, कारण तुमच्यापैकी बरेच जण पुढे रुग्णालयात काम करतील. उत्तेजक द्रव्य घेतलेला, अंग तापलेला, गोंधळलेला माणूस दिसला, की रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थंड करायला लागा. सावलीत न्या, जास्तीचे कपडे काढा, अंगावर पाणी शिंपडत वारा घाला. पॅरासिटामॉल देऊ नका. संसर्गाच्या तापात मेंदूने तापमानाची पातळी वर ठरवलेली असते आणि ते औषध ती खाली आणतं. इथे पातळी बदललेलीच नसते, त्यामुळे औषधाचा उपयोग होत नाही आणि ताण पडलेल्या यकृतावर बोजा वाढतो. पालथं दाबून धरू नका. धरून ठेवलेला माणूस झुंजत राहतो आणि प्रत्येक झुंजीने तापत जातो. पाणी पाजायचं तर शुद्धीवर असेल तरच, घोटाघोटाने. एमडीएमए घेतलेल्यांत शरीर पाणी धरून ठेवतं, आणि भीतीपोटी लिटरांनी पाणी प्यायल्यास रक्तातलं सोडियम घसरून मेंदूला सूज येऊ शकते, झटकेही येतात.

रुग्णालयात काखेतलं तापमान घेऊन समाधान मानू नका. त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यामुळे वरून हात थंड लागत असतानाही आत 41 अंश असू शकतात, गुदद्वारातून मोजा. बेंझोडायझेपिन गटातली औषधं अस्वस्थता, स्नायूंचा ताण आणि झटके कमी करतात, म्हणून ती पहिल्या फळीत येतात. तापमान 40च्या वर आणि भान हरपलेलं असेल, तर बर्फाच्या पाण्यात बुडवणं ही सर्वांत वेगवान रीत आहे, आणि अर्ध्या तासाच्या आत 39च्या खाली येणं हे लक्ष्य ठेवावं. तरीही उतरत नसेल, तर भूल देऊन स्नायू शिथिल करावे लागतात आणि श्वास यंत्रावर घ्यावा लागतो. त्यासाठी सक्सिनिलकोलीन हे स्नायू शिथिल करणारं औषध टाळतात, कारण ते रक्तातलं पोटॅशियम वाढवतं आणि इथे मोडणाऱ्या स्नायूंमधून पोटॅशियम आधीच रक्तात उतरत असतं.

तापमान उतरलं म्हणून रुग्णाला लगेच घरी सोडू नये. स्नायूंच्या मोडतोडीचं प्रमाण सांगणारं क्रिएटिन कायनेज एक ते तीन दिवसांत शिखर गाठतं, यकृताची इजा बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होते, रक्त गोठण्याची क्रिया त्याच सुमारास ढासळू शकते. पहिल्या रात्रीचे अहवाल बरे आले, तरी लघवीचा रंग आणि प्रमाण, पोटॅशियम, क्रिएटिनिन, यकृताची विकरं आणि रक्त गोठण्याचा वेळ पुढचे दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा तपासावे लागतात.